व्हरमाँटच्या दहा उंच इमारती

यतीन ज्या ऑफिसात कामाला होता, तिथे माणसाची उंची त्याच्या राज्यावरून ठरायची.

ऑफिस ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगमध्ये, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. काम म्हटलं तर सोपं. अमेरिकेत कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि त्याने आतलं मदतीचं बटण दाबलं, की फोन इथे वाजायचा. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो, आणि जागी माणसं झोपाळू माणसांपेक्षा बरं बोलतात, एवढ्या एका शोधावर ही कंपनी उभी होती. प्रत्येक टेबलाला एक राज्य. टेबलासमोरच्या पार्टिशनवर त्या राज्यातल्या, कंपनीकडे असलेल्या सर्वांत उंच इमारतींची यादी, लॅमिनेट करून.

शेजारच्या टेबलावर धवल होता. त्याच्याकडे इलिनॉय. शिकागोत शंभरच्या वर मजल्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांची यादी पार्टिशनवर मावेना म्हणून खाली फाइल कॅबिनेटवर उतरली होती. धवलचा जन्म मुलुंडला तळमजल्यावर गेला होता, पण इलिनॉय मिळाल्यापासून तो हनुवटी वर करून चालायला लागला होता.

यतीनकडे व्हरमाँट. व्हरमाँटमधली सर्वांत उंच इमारत अकरा मजल्यांची. तीही तळमजला धरून, कारण अमेरिकन लोक तळमजल्यालाच पहिला म्हणतात. आपल्या हिशेबाने दहाच. यतीनच्या आईवडिलांची चिंचवडची सोसायटी बारा मजल्यांची होती. ती उचलून व्हरमाँटमध्ये नेऊन ठेवली असती तर पार्किंगच्या भांडणांसकट अख्ख्या राज्यात पहिली आली असती. यादीत दहा नावं होती, मोठ्या अक्षरांत. तरी खाली जागा उरली, म्हणून आधीच्या कुणीतरी तिथे एका गायीचा फोटो लावून ठेवला होता.

"काय मग, गाय काय म्हणते?" धवल रोज सकाळी विचारायचा.

"चरतेय. तुझे ढग कसे आहेत?"

"बिझी रे. काल चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर एक जण अडकला. कान बंद झाले होते त्याचे. मला ऐकूच येईना."

"कान त्याचे बंद, आणि ऐकू तुला येईना?"

"उंचीचा परिणाम असतो, मेट. तुला नाही कळणार."

यतीन वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग मॅनेजमेंट शिकायला आला होता. शिकला, कायम राहण्याचा पीआर मिळाला, मंजिरीशी लग्न झालं, आणि मॅनेज करायला व्हरमाँटच्या दहा इमारती मिळाल्या. आयुष्य इतकं वाईट नव्हतं. दिवसाला दोन फोन यायचे, त्यातला महिन्याकाठी एखादा तिसऱ्या नंबरच्या इमारतीतल्या कुत्र्याचा. त्या कुत्र्याचं नाक बरोबर बटणाच्या उंचीवर यायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी एक वाजता नंबर सातमधून फोन आला. नंबर सात म्हणजे विटांची आठ मजली इमारत, सगळे भाडेकरू म्हातारे.

"हॅलो, तुम्ही सुरक्षित आहात. मदत निघालेली आहे," यतीनने समोरचा कागद वाचला.

"मदत कुठून निघते ते मला माहितीय," पलीकडून बाईचा आवाज आला. बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं, पण त्या आवाजातली खरखर आणि हुकमत यतीनच्या ओळखीची होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या बायकांची. "तिथून यायला पंचवीस मिनिटं लागतात. बर्फ असेल तर चाळीस. बर्फ आहे. तेव्हा तू आता काहीतरी बोल."

कागदावर पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. डोळ्यांसमोर होती ती फक्त यादी. यतीनने ती वाचायला घेतली. नंबर एक, अकरा मजले. नंबर दोन, दहा मजले. नंबर चारपाशी बाईंनी त्याला थांबवलं.

"नंबर चारच्या सातव्या मजल्याच्या स्लॅबमध्ये माझ्या नवऱ्याची टोपी आहे."

"सॉरी?"

"आर्मांड काँक्रीट ओतायचा. वारा आला, टोपी पडली, वरून काँक्रीट पडलं. फोरमन म्हणाला, टोपी हवी की पगार हवा? तुझ्या त्या दहांपैकी तीन आर्मांडनेच ओतल्यात. ही मी अडकलेय तीसुद्धा."

बाईंचं नाव लुसिल. वय ब्याऐंशी, मुक्काम आठवा मजला. मेकॅनिक आला तोपर्यंत यादी दोनदा वाचून झाली होती आणि नंबर नऊची उंची चुकीची निघाली होती. यतीनने स्केचपेनने ती दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता, म्हणजे लुसिलबाईंच्या रात्री नवाला, नंबर सातमधून पुन्हा फोन.

"तुम्ही सुरक्षित आहात, मदत..."

"मी अडकलेली नाहीये. लिफ्ट छान चालू आहे. मी स्टूल घेऊन आलेय."

यतीनने समोरचा कागद उलटून पाहिला. अशा परिस्थितीसाठी कागद नव्हता.

"बँकेला फोन केला तर मशीन बोलतं," लुसिलबाई म्हणाल्या. "दवाखान्यात केला तर मशीन. भाचीला केला तर भाचीच्या आवाजातलं मशीन. अख्ख्या अमेरिकेत हे एकच बटण मला सापडलंय, जिथे बारा सेकंदांत माणूस उचलतो. तिकडे किती वाजले?"

"दुपारचा एक. पण उद्याचा. मी ऑस्ट्रेलियात आहे."

"म्हणजे तू उद्यामध्ये बसलायस?"

"तसं म्हणता येईल."

"कसा आहे उद्या?"

यतीनने खुर्ची मागे ढकलून खिडकीबाहेर पाहिलं. पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या, त्यांच्या मागे समुद्र. "ऊन आहे," तो म्हणाला. "वारा दक्षिणेचा. बरा आहे उद्या."

"चला, मग झोपायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

असं ते सुरू झालं.

आता अडचण अशी होती, की प्रत्येक फोननंतर कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडायची आणि फोन कसला होता ते चार पर्यायांतून निवडावं लागायचं: अडकले, चुकून दाबले, चाचणी, उपद्रव. 'चुकून दाबले' महिन्यात दोनदाच चालायचं. तिसऱ्यांदा इमारतीला पत्र जायचं आणि बटणावर कुलूपवालं झाकण बसायचं. 'चाचणी'ला त्या इमारतीच्या चाचणी-प्रतिनिधीचा नंबर लागायचा, आणि नंबर सातला असा कुणी नव्हता. 'उपद्रव' निवडलं की भाडेकरूचं नाव थेट मालकाकडे.

ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या नावापुढे उपद्रव लिहायचं? यतीन लहान असताना समोरच्या काकू रोज भर दुपारी बेल वाजवून पेपर मागायच्या. आई झोपेतून उठायची, तोंडातल्या तोंडात काय ते बोलून घ्यायची, पण दार उघडायच्या आधी चेहरा नीट करायची. "या, आत या ना," म्हणायची. हे शिक्षण शाळेत मिळालं असतं तर यतीन एव्हाना विसरला असता. ते दारात मिळालं होतं.

राहिला पर्याय 'अडकले'. त्याला मर्यादा नव्हती. कुणी रोज अडकू शकेल असं कंपनीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यतीनने 'अडकले' निवडलं, खाली 'आपोआप सुटका' लिहिलं आणि डबा उघडला.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आठवड्याचे पाच दिवस, एक वाजता. यतीनच्या सुट्ट्या लुसिलबाईंना पाठ होत्या. त्या दिवशी त्या अडकत नसत. मध्येच कुणी लिफ्टला आलं तर "या, या, मी आपली बोलतेय," म्हणून त्याला आत घ्यायच्या आणि यतीनची ओळख करून द्यायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर मुद्दाम खालीवर दोन फेऱ्या मारून त्याला क्रिकेट म्हणजे नक्की काय ते विचारलं. तिसऱ्या फेरीला ते उतरून गेले.

फोन ठेवताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हे यतीनने लुसिलबाईंना एकदा सहज सांगितलं होतं. त्यांना ते पटलं. तेव्हापासून रोज शेवटी त्या खणखणीत इंग्रजीत "मी येते" म्हणायच्या आणि आठव्या मजल्यावर स्टूल घेऊन उतरायच्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी ग्लेनिसने सगळ्यांना केकसाठी बोलावलं. ग्लेनिस म्हणजे यतीनची मॅनेजर. पंचवीस वर्षं याच खुर्चीत, आणि नियमावली तिला पाठ होती, काही ठिकाणी तर तिचीच होती.

"या वेळचा 'शांत आवाज' पुरस्कार," ती म्हणाली, "यतीनला. एकाच लिफ्टमध्ये एक्याऐंशी वेळा माणूस अडकला, आणि एक्याऐंशी वेळा एकही तक्रार नाही."

टाळ्या वाजल्या. यतीनला एक सर्टिफिकेट आणि बार्बेक्यूचा एप्रन मिळाला. एप्रनवर 'शांत राहा, मी आहे' असं छापलेलं होतं.

"एक्याऐंशी?" धवल कुजबुजला. "माझ्या अख्ख्या शिकागोत नाही अडकले तेवढे. काय लिफ्ट आहे का मस्करी आहे?"

"जुनी आहे," यतीन म्हणाला. त्याने आपली केकची बशी धवलपुढे सरकवली.

"जुनी आहे आणि धोकादायक आहे," ग्लेनिस म्हणाली. "मेकॅनिक तीनदा जाऊन आला. काहीही बिघाड सापडला नाही. एक्याऐंशी वेळा अडकून जर बिघाड सापडत नसेल, तर प्रकरण फारच खोल आहे. मालकांनी कालच ठरवलं. येत्या सोमवारपासून लिफ्ट बंद, पूर्ण काढून नवी बसवणार. चार महिने. तुझ्यामुळे कुणाचा तरी जीव वाचेल, यतीन."

एक वाजता फोन आला.

"दारावर नोटीस लावलीय," लुसिलबाई म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी उद्याचं विचारलं नाही. "लिफ्ट बंद करतायत. चार महिने. बिचारी एकदाच तर अडकली, तेही नोव्हेंबरमध्ये."

यतीनने एप्रन बॅगेत कोंबला. "मग तुम्ही काय करणार?"

"जिना आहे. एकशे बारा पायऱ्या, आर्मांडनेच ओतल्यात. माझा एक गुडघा नवा आहे, एक त्याच्या वेळचा. भाची म्हणते, दोन तासांवर एक वृद्धाश्रम आहे, तिथे सगळं तळमजल्यावर असतं. मी म्हटलं, मी आपली वरच बसेन. चार महिन्यांचे घेवड्याचे डबे आणून ठेवले की झालं."

"चार महिने खाली उतरायचंच नाही?"

"तू आहेस ना उद्यात. मधूनमधून सांग..." मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की लिफ्ट बंद म्हणजे बटणही बंद. "मी येते," त्या म्हणाल्या.

यतीनने कॉम्प्युटरवरच्या खिडकीत 'अडकले' निवडलं, आणि बराच वेळ बोट त्या बटणावर ठेवून बसला. हा ब्याऐंशीवा होता. मग पहिल्यांदाच त्याने ती खिडकी तशीच बंद केली.

संध्याकाळी फेअरी मेडो या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये मंजिरी भाजी फोडणीला टाकत होती आणि यतीन पोळ्या लाटत होता. मंजिरी हॉस्पिटलमध्ये फिजिओ होती. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून यायची. त्याने सगळं सांगितलं तेव्हा तिने गॅस बारीक केला.

"चार महिने खाली उतरली नाही," ती म्हणाली, "तर पाचव्या महिन्यात लिफ्ट सोन्याची बसवली तरी उतरणार नाही ती. असे पेशंट बघते ना मी. गुडघा नाही जात, आधी सवय जाते."

"मी तिचं भलंच केलं गं. नाव मालकाकडे जाऊ नये म्हणून..."

"हो ना. एक्याऐंशी वेळा भलं केलंस आणि आता तिला आठव्या मजल्यावर कोंडतोयस. एखाद्या दुष्ट माणसाला इतकं नीट जमलं नसतं."

"सांगितलं तर नोकरी जाईल."

"जाईल कदाचित." ती वळली. "पण तू 'शांत राहा, मी आहे' लिहिलेला एप्रन घालून पोळ्या लाटतोयस, यतीन. माझ्याच्याने बघवत नाहीये."

त्याने खाली पाहिलं. एप्रन कधी घातला तेच त्याला आठवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो ग्लेनिसच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्याउभ्याच बोलला. लिफ्टमध्ये काही दोष नाही. दोष नोंदीत आहे. नोंद माझी आहे. ती बाई एकदाच अडकली, बाकी ऐंशी वेळा ती बोलायला आली होती, आणि आम्ही इमारतींविषयी बोललो.

"कुठल्या इमारतींविषयी?"

"यादीतल्या दहा. उंचीच्या क्रमाने. कधीकधी उलट्या."

ग्लेनिसने चष्मा काढला. "सगळे कॉल रेकॉर्ड होतात, माहितीय ना तुला?"

"हो."

"जा. टेबलावर बस. कशाला हात लावू नकोस."

तिने केबिनचं दार लावलं आणि पडदा ओढला. साडेनऊ वाजले होते. धवलने आपल्या फाइल कॅबिनेटवरून मान काढली. "गायीने लाथ मारली काय?"

"मीच मारली," यतीन म्हणाला.

पावणेएकला दार उघडलं. ग्लेनिसच्या कानांवर हेडफोनचे लाल वळ होते.

"ती टोपी," ती म्हणाली, "अजून स्लॅबमध्येच आहे?"

"असणार. काढायची तर इमारत पाडावी लागेल."

"हं." ती बसली. "नोंदी दुरुस्त कराव्या लागतील. ऐंशी नोंदी. नियमाप्रमाणे हा उपद्रव आहे."

"ते मी नाही लिहिणार. मला काढा हवं तर. दुसरं कुणी लिहू दे."

हे वाक्य इतक्या शांत आवाजात निघालं, की पुरस्कार अगदीच चुकीच्या माणसाला दिला नव्हता असं ग्लेनिसला वाटलं असावं. तिने नियमावली पुढे ओढली आणि पानं उलटायला लागली. ती पानं उलटताना कुणी बोलायचं नाही, हा मात्र ऑफिसचा न लिहिलेला नियम होता.

"नंबर सातने गेल्या सहा वर्षांत मदतीच्या फोनची एकही चाचणी केलेली नाही," ती शेवटी म्हणाली. "खरं तर ठराविक काळाने करायलाच हवी. चाचणी म्हणजे काय? रहिवाशाने बटण दाबायचं. आपण उचलायचं. आवाज दोन्हीकडून नीट येतो का ते बघायचं." तिने यतीनकडे पाहिलं. "आवाज नीट येत होता?"

"उत्तम."

"मग ही चाचणी झाली. प्रतिनिधीची नोंदणी तेवढी बाकी. ती आज करता येते."

अशा रीतीने नंबर सातची लिफ्ट, जी सकाळपर्यंत कंपनीच्या यादीतली सर्वांत जास्त अडकणारी लिफ्ट होती, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर्वांत जास्त तपासलेली लिफ्ट झाली. मालकांना पत्र गेलं: दोष नाही, बदलायची गरज नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"आता तुझं," ग्लेनिस म्हणाली. "लेखी ताकीद. आणि व्हरमाँट तुझ्याकडून काढून घेतेय. सोमवारपासून तू इलिनॉय बघशील. तिथे कुणी गप्पा मारत नाही, सगळे आपल्या वकिलाला फोन लावत असतात. व्हरमाँट धवलकडे. तो कागदाबाहेर एक शब्द बोलत नाही. चाचणी आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री नऊला त्यांच्या. दोन मिनिटं."

सगळ्या ऑफिसला वाटलं यतीनला बढती मिळाली. धवलला वाटलं आपल्याला शिक्षा झाली, आणि तो दुपारभर गायीच्या फोटोकडे बघत राहिला.

एक वाजता यतीनने लुसिलबाईंचा शेवटचा फोन उचलला आणि सगळं सांगितलं. अडकले, आपोआप सुटका, मेकॅनिकच्या तीन फेऱ्या, नोटीस. काही गाळलं नाही. पलीकडे फक्त लिफ्टच्या पंख्याची घरघर येत राहिली.

"म्हणजे तू मला एक्याऐंशी वेळा वाचवलंस?" लुसिलबाई म्हणाल्या.

"कागदावर."

"आणि मी इथे आर्मांडच्या फोटोला सांगत होते, की तुझी लिफ्ट बिघडली. त्याला काय वाटलं असेल?" पुन्हा घरघर. "राहणार ना पण लिफ्ट?"

"राहणार. तुम्ही आता चाचणी-प्रतिनिधी आहात. नंबर मिळेल तुम्हाला."

"आणि तू कुठे चाललास?"

"शिकागो. शंभराच्या वर मजले."

"काय करायचेत एवढे?" त्या म्हणाल्या. "रविवारी कोण असेल?"

"धवल म्हणून आहे. फार बोलत नाही तो."

"आर्मांडही बोलायचा नाही. टोपी गेल्यावर बोलायला लागला." मग त्यांनी विचारलं, "कसा आहे उद्या?"

"ढग आलेत," यतीन म्हणाला. "पण समुद्र दिसतोय. लुसिलकाकू, मी..." काय म्हणायचं होतं ते इंग्रजीत जुळेना.

"मी येते," त्या म्हणाल्या.

सोमवारी एक वाजला तेव्हा यतीनकडे एक्केचाळिसाव्या मजल्यावरचा एक माणूस होता. तो वकिलाशी एका फोनवर आणि यतीनशी लिफ्टच्या फोनवर एकदम बोलत होता, आणि यतीनच्या वाट्याला फक्त श्वास येत होते. शेजारी धवलचा फोन वाजला. धवल ताठ बसला, कागद समोर धरला आणि वाचलं, "तुम्ही सुरक्षित आहात. मदत निघालेली आहे." मग ऐकत राहिला. मग म्हणाला, "हो, चाचणी. हो, आवाज येतोय." मग बराच वेळ काहीच नाही.

यतीनने घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं होऊन गेली होती. ग्लेनिसच्या केबिनचं दार उघडं होतं. तिनेही घड्याळाकडे पाहिलं, आणि मग खुर्ची भिंतीकडे वळवून काहीतरी वाचायला घेतलं.

धवलने पार्टिशनवरून यतीनकडे पाहिलं. माइकवर हात ठेवला. ओठ हलवून काहीतरी विचारलं. यतीनने हाताने खिडकी दाखवली.

धवल उठला. हेडफोनची वायर ताणली गेली, फाइल कॅबिनेटवरची शिकागोची यादी खाली पडली. तिच्याकडे न बघता तो खिडकीपर्यंत गेला, पट्ट्यांचा पडदा बोटांनी बाजूला केला आणि कारखान्याच्या चिमण्यांच्या पलीकडे, नीट, वेळ घेऊन बघायला लागला.

"कुणी आहे का तिथे?" एक्केचाळिसाव्या मजल्यावरच्या माणसाने विचारलं.

"आहे," यतीन म्हणाला. "बोला तुम्ही."